लाल दिवा आणि बोथट चाकू

ता. ३ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. मी जेवते, झोपते, फक्त डोकं ठिकाणावर नाही. आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, एका डॉक्टरांचं छोटं विमान आलंय. ते स्वतः उडवतात आणि दूरच्या वस्त्यांवर औषधं नेतात. त्याच्या इंजिनावर अल्टरनेटर असतो. तो फिरला की वीज होते आणि बॅटरी भरत राहते. आता असं झालंय की विमान हवेत गेलं की बॅटरी भरायची थांबते आणि समोर लाल दिवा लागतो. जमिनीवर कितीही वेळ इंजिन चालवा, सगळं ठीक. पट्टा ताणून पाहिला, अल्टरनेटर बदलला, एकेक वायर हलवून पाहिली. मागच्या खेपेला तर बॅटरी इतकी उतरली की ऐन ढगात रेडिओ गप्प झाला.

आमच्या हँगरचे उस्ताद म्हणतात, महिनाअखेरपर्यंत दोष सापडला तर या विमानाच्या कामावर तुझी सही चालेल. नाहीतर दुसऱ्याला बोलावतो, तू पुन्हा विमानं धुवायला. मला काही म्हणजे काही कळत नाहीये.

घरच्यांना नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

तुझी,
भिंगरी


ता. ९ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचून घेतलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा जे कळल्यासारखं वाटत होतं तेही गेलं. बॅटरी उतरली, रेडिओ गप्प झाला, मग इंजिन कुणाच्या जिवावर चालत होतं? आणि जमिनीवर गुणी, हवेत अवगुणी, हे तर तुझ्या आजोबांसारखं झालं. घरात खोकून छप्पर डोक्यावर घ्यायचे आणि दवाखान्याच्या पायरीवर खोकला गायब. डॉक्टर म्हणायचे, हे ठणठणीत आहेत, आता आजींना तपासू.

तू घरच्यांना नमस्कार लिहितेस. घरात आम्ही दोघी. मला वेगळा नमस्कार आलाय, म्हणजे उरलेल्या घरच्या कोण, एवढा हिशेब मला अक्षर न येताही जमतो. बँकेतली खुर्ची सोडून तू ग्रीसमध्ये हात घातलेस, तेव्हापासून तुझी आई तुझ्याशी बोलत नाही आणि तू तिच्याशी. पण माझी पत्रं लिहिते तीच, तुझी वाचते तीच. वाचते म्हणजे कशी, गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तशी. फक्त रेडिओ गप्प झाला तिथे तीही गप्प झाली. मी म्हटलं, सूनबाई, माझा चष्मा देऊ का? तर म्हणाली, पोरीचं अक्षर गिचमिड आहे. हे लिहायला ती तयार नव्हती. मी म्हटलं, पत्र माझं आहे, तू हात चालव.

लाल दिवा लागायला लागला, त्याच्या आधी तिथे कशाला रंग लावला होतास का?

थंडी पडतेय, कान बांधत जा. उस्तादांना सांग, पोरीला धुवायलाच लावायचं तर पाणी कोमट द्या. माया पाठवली आहे ती ठेवून घे, वाढली तर परत करू नकोस.

तुझी,
आजी


ता. १८ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

दोष सापडला. आधी तुझी शंका. या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटो नावाचं वेगळं यंत्र पाडतं, त्याला बॅटरी लागत नाही. म्हणून डॉक्टर सुखरूप खाली आले.

तुझं पत्र आलं तेव्हा मी नवा रेग्युलेटर बसवून चुकले होते. पंख्याचा रेग्युलेटर वारा आवरतो, तसा हा अल्टरनेटरची वीज आवरतो. तरी दिवा लागलाच. मग तुझा रंगाचा प्रश्न वाचला आणि तो रेग्युलेटर पुन्हा उतरवला. मागे इंजिनामागच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून मी रेग्युलेटर काढला, पत्रा झकास रंगवला आणि तो पुन्हा त्यावर बसवला. त्याची डबी उघड्या पत्र्याला टेकायला हवी, विजेची परतीची वाट तीच. मध्ये माझा रंग. स्क्रूच्या आधाराने जमिनीवर कसंबसं निभायचं. हवेत सगळे दिवे, रेडिओ चालू, वर इंजिनाची थरथर, की वाट तुटायची. जुना रेग्युलेटर निर्दोष होता, नवाही. रंग खरवडला. डॉक्टर दोनदा उडवून आले, दिवा लागला नाही. उस्तादांना खरं ते सांगितलं. ते आधी पोटभर बोलले, मग सहीसाठी स्वतःचं पेन पुढे केलं.

पण आजी, लहानपणी मी गॅलरीच्या दाराची कडी रंगवून चिकटवली, तेव्हा तू काकांकडे होतीस. आई दिवसभर बोथट चाकूने ती खरवडत बसली होती. मग रंगाचं तुला कसं सुचलं?

आईला साष्टांग नमस्कार. लोभ ज्याच्या त्याच्या वाट्याला पोहोचावा.

तुझी,
भिंगरी


ता. २५ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अक्षर बदललं म्हणून दचकू नकोस. हे खालच्या मजल्यावरचे शिंपीदादा लिहितायत.

बाई गं, रंगाचं मी काही विचारलंच नाही. सूनबाईने तुझं पत्र वाचलं तेव्हा तिलाही तेच म्हटलं. तर म्हणते, तुम्हीच सांगितलंत, वयामुळे आठवत नसेल. तेव्हापासून मी गोंधळून बसले होते, आपण काय बोलतो ते आपल्यालाच कळेनासं झालं की काय. कडीचंही मला आत्ताच कळतंय. मला तेव्हा सांगितलं होतं, दमट हवेने दार फुगलंय.

तुला कसं सुचलं, इथवर वाचून ती म्हणाली, पत्र संपलं. घडी घालून ठेवून दिलं. आज शिंपीदादांकडून पुन्हा वाचून घेतलं, तेव्हा शेवटचा नमस्कार कानावर पडला.

ती सकाळीच पिशवी भरून बाहेर पडली. मी विचारलं कुठे, तर म्हणाली, बहिणीकडे. बहीण राहते गल्लीच्या टोकाला. तिथे जायला दोन स्वेटर कशाला लागतात? त्यातला एक तर तिच्या मापाचाही नाही.

आणि स्वयंपाकघरातला बोथट चाकू जागेवर नाही. तेव्हा हे पत्र आधी पोहोचलं, तर विमानतळाच्या पहारेकऱ्याला सांगून ठेव, चाकू घेऊन येणारी बाई निरुपद्रवी आहे. तिला फक्त अजून कुठे रंग राहिलाय का, ते बघायचंय.

तिला परत धाडायची घाई नको. शिंपीदादा मापं घेतल्यासारखं वाचतात, पण एकही ओळ गाळत नाहीत. माझी माया या खेपेला टपालाने थोडीच येतेय, बाकीची पिशवीत बघ.

तुझी,
आजी