पाळण्याखालून

९ नोव्हेंबर
आलो एकदाचे चाकणला. परळीचं घर सोडताना मी रडले, पण इथं मला स्वतःची खिडकी मिळाली आणि मागं ओढा आहे. पप्पा इथल्या कंपनीत पेंट शॉपला आहेत. रजा मिळेना, म्हणून बाळाचं बारसं इथंच करायचं ठरलं. बाळाच्या कानामागं तीळ आहे आणि आवाज असा, की हायवेवरचा ट्रक लाजेल. घरमालकीण तानुबाई मिश्रीच्या बोटानंच माझा गाल ओढतात. शी. पण मनानं चांगल्या आहेत.

१३ नोव्हेंबर
बारसं झालं. पाळण्यात आधी वरवंटा निजवतात, बाळासारखी कुंची घालून. मग त्याला आणि बाळाला पाळण्याच्या वरून, खालून ‘घ्या’ म्हणत फिरवतात. आमच्याकडे मिक्सर, वरवंटा कुठला? तानुबाई लेकीकडं दिघीला गेलेल्या. शेवटी पप्पांनी ओढ्याकाठचा लांबट, गुळगुळीत दगड उचलून आणला. त्यावर शेंदरी थर होता. कुणीतरी रंग सांडलाय म्हणत पप्पांनी तो थिनरनं चकाचक पुसला. पेंट शॉपवाल्याला सगळीकडे रंगच दिसतो.

नाव ठेवलं समर्थ. पाळण्याखालून मी देत होते, आई घेत होती. मध्येच एक ओला, बुळबुळीत हात माझ्या हातावरून सरकला. शेजारणींपैकी कुणाचा असेल. साबणानं घासलं तरी वास जाईना. नंतर दगड कुठं गेला ते कुणालाच माहीत नाही.

१५ नोव्हेंबर
समर्थ रडत नाही. उचलायला गेलं तर दगडासारखा जड, आणि अंगाला गटारीचा वास. आई म्हणते, दुधाचा आहे. कसलं दूध? हिरवट, तार सुटलेलं ओकतो. दुपट्यात शेवाळ निघालं. आज त्यानं लांब जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला. मी ताट बाजूला सारलं.

१७ नोव्हेंबर
कानामागचा तीळ नाही. त्याच्या ओठांतून पालीची शेपटी वळवळत होती आणि आईनं त्याच ओठांचा पापा घेतला. मी मोरीत जाऊन ओकले. पप्पा ओव्हरटाइम करून आले, तेव्हा सांगितलं, हा आपला नाही. म्हणाले, ताई झालीस की असा हेवा वाटतोच. हेवा? त्या घाणीचा?

१८ नोव्हेंबर
नळाला पाणी नाही. आई दुपटी धुवायला ओढ्यावर गेली ती फार उशिरा आली. पदर निथळत होता. दुपटी आणलीच नाहीत. जेवलीही नाही, त्याला घेऊन बसली.

१९ नोव्हेंबर
तानुबाई आल्या. दगडाचं ऐकताच कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ‘त्यो रंग न्हाई पोरी, शेंदूर व्हता. तिथं आसरा हायेत, पाण्यातल्या बाया. त्यांचं पोर तुमी उचललं, त्यांनी तुमचं नेलं.’ त्याला कुंचीत गुंडाळून जागेवर ठेव, पाण्यात हात घाल आणि भावाला नावानं हाक मार. लगीच कर, म्हणाल्या. पोर इथं हाय तवर त्याची आय तिथं र्‍हायची न्हाई.

शेवटचं मला नीट कळलं नाही.

२० नोव्हेंबर, दुपार
आईला डुलकी लागली तेव्हा नेलं. वाटेत त्यानं माझी मान चाटली. शिसारी — आठवलं तरी —
जागेवर ठेवल्याबरोबर दगड. कोमट. पाण्यात हात घातला, समर्थ, समर्थ म्हणून ओरडले. काहीतरी हातात आलं. मऊ. हलकं. रडणारं. कानामागं तीळ! आईला दाखवते आता —

संध्याकाळ
मोरीत आहे. कडी लावली आहे. समर्थ कुशीत.
आईनं त्याला हुंगलं आणि झिडकारलं. माझं बाळ कुठंय, म्हणाली. मग जीभ काढली. डोळ्यापर्यंत.
पप्पांची शिफ्ट सुटायची आहे अजून. तानुबाई दार ठोठावून गेल्या, तिनं गोड बोलून परत पाठवलं. आईच्याच आवाजात.
परवा ओढ्यावरून आली ती आई नव्हती. माझी आई अजून पाण्यात आहे. आणि मी हाका मारल्या त्या फक्त समर्थच्या —
आई. आई. इथून ऐकू जातं का? बादलीत हात घातलाय —
दाराखालच्या फटीतून पाणी येतंय. तोच वास. तोच हात.
ती म्हणते, खालून दे. तेव्हा दिलास ना, तस्सा —
नाही देणार. नाही दे