भर दिवसाचा दिवा

प्रिय मारित,

विमानाच्या पुढच्या दिव्याला, म्हणजे उतरताना लावतो त्याला, दोनशे चाळीस डॉलर पडले. टपालाचे सोळा वेगळे. त्याआधी 'स्वस्तात मस्त' म्हणून आणलेल्या ट्रॅक्टरच्या दिव्याचे एकतीस पाण्यात गेले. आणि दोन दिवस मेकॅनिक एल्डनला राबवलं, त्याबद्दल एक अख्खा धुरावलेला सॅमन मासा. पण खरी किंमत यात आलेलीच नाही. ती सुरुवातीलाच सांगायला घेतली, की पत्र स्टोव्हमध्ये जातं. याआधीची तीन तिथेच गेली. आज उठ-बस करत, खिडकीशी जाऊन वाऱ्याचा अंदाज घेत, का होईना, हे पुरं करणार आहे.

गुरुवारी तुझी मालकीण बर्निस ठरवणार, खिंडीपलीकडची टपालाची आणि माणसांची फेरी तुला द्यायची की बाहेरून कुणाला आणायचं. तू मला सांगितलं नाहीस, सांगणारही नाहीस. पण माझे कान तुला ठाऊक आहेत. दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी धावपट्टीशेजारच्या कॉफीच्या दुकानात मी पाठ करून केक खात बसलो होतो, मागच्या टेबलावर बर्निस कुणाला तरी सांगत होती, "पोरगी उडवते झकास, पण खिंडीत चुकीच्या बाजूने आली होती ना! परक्याने सांगितलं असतं तर सोडून दिलं असतं. खुद्द बापाने सांगितलंय. बाप कशाला खोटं बोलेल?" चौदा महिने तू किनाऱ्याकिनाऱ्याने मासळीच्या पेट्या वाहतेयस, ती या एका वाक्यापायी.

खिंडीत आपली विमानं समोरासमोर आली त्या दिवसाची गोष्ट मी त्याच दुकानात किती वेळा सांगितली असेल! एकोणिसाव्या वर्षी एक पिशवी घेऊन अलास्कात उतरलो, मासळीच्या कारखान्यात आतडी काढली, कुणाचं तरी पडलेलं विमान विकत घेऊन दोन हिवाळ्यांत उभं केलं. असा माणूस बोलायला लागला की लोक ऐकतात. मी म्हणायचो, "एकतीस वर्षं या खिंडीत उडतोय. समोरच्याला मी दिसायच्या आत मला तो दिसलेला असतो. म्हणून तर त्या दिवशी पोरगी चुकीच्या बाजूने आली तरी बापलेक दोघं वाचलो." लोक माना डोलवायचे. तू मात्र बर्निसला एवढंच म्हणालीस, "बाबांचा दिवा बंद होता." मी ते हसण्यावारी नेलं. म्हटलं, पोरीला उन्हात काय दिसणार!

आता दिव्याचं ऐक. जुना काचेचा बल्ब पंचवीस-तीस तासांत हादऱ्यांनी मरतो, हे तू जाणतेस. म्हणून आम्ही जुनी मंडळी तो दिवसा लावत नाही, उतरण्यापुरता राखून ठेवतो. तुला शिकवताना मात्र मी बजावलं होतं, "खिंडीत शिरलीस की आधी दिवा. तो तुला दिसावं म्हणून नसतो, तू दिसावीस म्हणून असतो. बल्ब गेला तर मी देईन." तुझे बल्ब मी खरंच देत आलो. स्वतःचा वाचवत आलो.

त्या मंगळवारीच दुकानातून उठलो तो थेट एल्डनच्या शेडमध्ये गेलो. म्हटलं, दिवसभर जळेल असा दिवा बसवून दे. तो तारेची गुंडाळी सोडवत म्हणाला, "आता? साठीनंतर? लग्न ठरलंय की काय?" आधी तो ट्रॅक्टरचा लावून पाहिला. उजेड फर्मास, पण पेटवला की रेडिओत असा किर्र आवाज की समोरच्याचं बोलणं गिळून टाकेल. बाहेर उभ्या एल्डनला ऐकूही येईना, मला आत दातांत जाणवत होता. काढला. एक सहाशेचा होता. तो उत्तमच, पण माझ्या विमानापेक्षा देखणा. शेवटी एल्डनने मधला सुचवला. विमानासाठीच बनवलेला, रेडिओ गप्प ठेवणारा, वीज कमी खाणारा. एकच खोट, तो तापत नाही, म्हणून काचेवर बर्फ धरतं. निघण्याआधी पुसायचं, एवढंच.

मग मला तो मोजून पाहावासा वाटला. एल्डन पट्टीच्या टोकाला आपल्या गाडीत रेडिओ घेऊन बसला. मी लांबून त्याच्या दिशेने यायचं, आणि विमान दिसलं की त्याने बोलायचं. लख्ख दुपार होती. नवा दिवा लावून आलो, तर सात मैलांवर असतानाच म्हणाला, "दिसलास!" जुना बल्ब लावून आलो, तर तीन मैल. तिसऱ्यांदा दिवा बंद ठेवून आलो. रेडिओ गप्प. पाच मैल, चार, तीन, दोन. मीच विचारलं, "झोपलास काय रे?" तो म्हणाला, "जागा आहे. तू कुठे आहेस?" बरोबर एक मैल उरला तेव्हा तो ओरडला. दोन विमानं समोरासमोर असतील तर एक मैल म्हणजे अठरा सेकंद. खिंडीतल्या वळणानंतरचा सरळ पट्टा पाच मैलांचा आहे. डोंगराआड रेडिओ मुका. म्हणजे तिथे दिव्यामुळे दीड मिनिट मिळतं, आणि दिव्यावाचून अठरा सेकंद. उतरल्यावर एल्डन एवढंच म्हणाला, "मारितला तेवढेच मिळाले होते, नाही?" त्या रात्रीपासून मला धड झोप नाही.

म्हणून हे पत्र. काल सगळं वेगळ्या कागदावर लिहून, सही करून बर्निसच्या टेबलावर ठेवलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "हाल्वर, चौदा महिने?" गुरुवारी ती काय ठरवेल ते तिचं. पण तू आत जाशील तेव्हा माझा कागद तुझ्या आधी तिथे असेल, आणि त्यात काय आहे ते दुसऱ्या कुणाकडून तुला कळू नये. माझा दिवा बंद होता, चौदा डॉलरचा बल्ब वाचवायला. मी ज्या बाजूने जायला हवं होतं त्या उजव्या कड्याला वारा आपटतो, म्हणून मी मधोमध सरकलो होतो. तू आपल्या बाजूलाच होतीस. आणि मी मान खाली घालून थर्मासचं झाकण शोधत होतो. तुझा पंख माझ्या खिडकीवरून गेला, तेव्हा वर पाहिलं. त्या दिवशी वळलीस ती तू. मी तर तुला पाहिलंच नव्हतं.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
बाबा