रोबोला शिकवलेला सरळ जोड

मी, धुळा म्हाकू कोळेकर, वय ५७, धंदा वेल्डिंग, मूळ गाव दहिवडीच्या पुढची वाडी, ता. माण, जि. सातारा, सध्या राहणार कुपवाड, ता. मिरज, जि. सांगली, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहून ठेवतो. येत्या शुक्रवारी मिरजेत माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मात्र एका गोष्टीबद्दल माझ्या मनातला गोंधळ चार वर्षं मिटलेला नाही. त्यानं मृत्युपत्र बाद होतं का, असं वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "गोंधळलेला माणूस वेडा नसतो. लिहा." म्हणून लिहितो. कोणाचा दबाव नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. कुपवाडचं दोन खोल्यांचं घर, त्यातल्या वस्तू आणि बँकेतली ठेव माझी पत्नी बयाबाई हिला. या भिंतींना पाणी तिनं मारलं आहे. ती हयात असेपर्यंत घर विकायचा विषय तिच्यापुढं कोणी काढू नये.

२. माणमधली माझ्या हिश्श्याची अडीच एकर जिराईत जमीन धाकटा भाऊ पप्पू याला. वडिलांचा लाडका एडका त्यानं मला न विचारता विकला, ते मी विसरलेलो नाही. पण मेंढरांमागं तोच राहिला, मी निघून आलो. जमीन त्याचीच.

३. माझं वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, दोन होल्डर आणि हेल्मेट कृष्णात दत्तू मगदूम यास. हे कलम मी तीनदा लिहून खोडलं, परत लिहिलं. कारण सांगणं भाग आहे.

१९९४ साली कृष्णातनंच मला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या कारखान्यात लावलं. पहिल्या दिवशी माझा हात धरून त्यानं शिकवलं, "हात पळवू नगंस. लोखंड पातळ हुतंय का बघ, मग म्होरं सरक." सत्तावीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो.

२०२१ च्या दिवाळीनंतर कारखान्यात रोबो आला. पिवळा, एका हाताचा. पुण्याहून आलेल्या इंजिनिअर साहेबांनी विचारलं, "इथला सगळ्यात चांगला वेल्डर कोण?" सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. कृष्णातनंसुद्धा. मी यंत्राचा हात धरून जोडावरून फिरवायचा आणि ते यंत्र तसंच लक्षात ठेवणार, असं काम होतं.

जेवणाच्या सुट्टीत कृष्णात म्हणाला, "धुळा, त्येला वाकडं शिकीव. हुकाचा जोड बिघडला की परत घिऊन जातील बघ."

मी "व्हय" म्हणालो. आम्ही आठ वेल्डर होतो, सगळ्यांच्या देखत म्हणालो.

मग यंत्राचा हात धरला. हलका होता, ओढेल तिकडं येत होता. वाकडा न्यायचा असं दोनदा ठरवलं. गेला नाही. त्या हुकावर उसानं भरलेली ट्रॉली ओढली जाते, मागनं माणसं येत असतात, हे डोक्यात आलं होतं का? आलं असावं. पण शेजारी उभे असलेले साहेब "वा!" म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं, हेही खरं. यातलं खरं कारण कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही. यंत्रानं जोड मारला. तो माझाच जोड होता.

महिन्याभरात सात जणांना नारळ दिला. मला ठेवलं, यंत्रावर देखरेखीला. कृष्णात गेटवर भेटला. "सरळ शिकीवलंस व्हय रं?" एवढंच म्हणाला. त्यानंतर बोलला नाही. आता तो मिरजेत एका दवाखान्याबाहेर गाड्या लावून देतो.

४. बयाबाईच्या पश्चात घर मुलगी स्वप्नाली हिला. वडिलांचं घोंगडं तिला आत्ताच. ती पुण्यात असेच रोबो बसवायच्या कामावर आहे. रोबोला शिव्या द्याव्यात तर त्या पोरीच्या ताटात पडतात. मी तिला विचारलं, "माझं चुकलं का गं?" ती म्हणाली, "आप्पा, तुमी न्हाई तर दुसऱ्या कुणीतरी शिकवलंच असतं." हे मला पटत नाही. दुसऱ्यानं शिकवलं असतं तर ते दुसऱ्याच्या मृत्युपत्रात आलं असतं.

५. आज सकाळी मी कृष्णातला निरोप धाडला, साक्षीला येशील का म्हणून. तो आला. वकीलसाहेबांनी वरचं सगळं मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, ज्याला काही मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये. हत्यारं किंवा सही, एक काहीतरी ठरवा.

कृष्णातनं वकीलसाहेबांकडून कागद घेऊन कलम ३ परत वाचलं. मग म्हणाला, "तुझ्या हातनं वाकडं हुणार न्हाई, ह्ये मला तवाच कळलं हुतं. जोड बघितला हुता मी. माझ्या हातनं तरी वाकडं झालं असतं का, ठावं न्हाई."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? काम गेलं हुतं माझं."

बयाबाईनं चहा आणला, तो त्यानं घेतला. आणि वकीलसाहेबांना म्हणाला, "हत्यारं ऱ्हाऊ द्या. पेन आना."

तेव्हा कलम ३ मधली हत्यारं कृष्णातला नाहीत. कोणाला द्यावीत, मला सुचत नाही. बयाबाईनं ठरवावं.

६. कृष्णातची सही आहे म्हणजे त्यानं मला माफ केलं, असा अर्थ कोणीही काढू नये. तसं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही. मी शुद्धीवर होतो आणि हे मीच लिहिलं, एवढ्यापुरतीच त्याची सही आहे. त्याचा हात अलीकडं थरथरतो. तो सही करील तेव्हा कागद मी धरणार आहे.

ठिकाण : कुपवाड
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : धुळा म्हाकू कोळेकर (सही)

आमच्या समक्ष सही केली :
१. कृष्णात दत्तू मगदूम, मिरज (सही)
२. लीलाबाई शंकर आवळे, शेजारीण, कुपवाड (सही)