घट्ट रक्त

सोनपेठ,
१२ जानेवारी २०२५

ताई,

जय भीम. दाजींचा गुडघा आता कसा आहे? इकडं थंडी लय पडलीय. शाळेत स्नेहसंमेलन आहे, पोरींचा नाच बसवायलेय. त्या मलाच हसायल्यात.

तुझ्या मनिषाच्या लग्नाला आमी आलो न्हाई, म्हणून तू बोलणं सोडलंस. "तिला नोकरीचा माज आलाय," असं म्हणलीस, तेही कानावर आलं. फोन हातात घेतला की रडू येतं, म्हणून लिहायलेय.

उन्हाळ्यात माझ्या नाकातनं सारखं रक्त यायचं. मग फळ्यावर मीच लिहिलेलं मला दिसेना. परभणीच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि ह्यांना म्हणाले, "चष्म्याचं काम न्हाई हे. आजच नांदेडला न्या."

रक्ताचा कॅन्सर निघाला, ताई. वाल्डेनस्ट्रॉम म्हणतात. लाखांत एखाद्याला होतो.

नांदेडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पेशीला आतून 'वाढ, वाढ' असा निरोप मिळत असतो. काम झालं की तो थांबायला पाहिजे. तुमचा थांबतच न्हाई. त्या पेशी वाढायल्यात आणि एकाच जातीच्या अँटिबॉडी ढिगानं बनवायल्यात."

मी म्हणलं, "अँटिबॉडी तर रोगाशी लढतात ना?"

"लढतात. पण ह्या बिनकामाच्या. त्यांच्यामुळंच रक्त काकवीसारखं घट्ट झालंय."

तुमी मनिषावर फुलं टाकत होतात, तव्हा माझ्या दोन्ही हातांत सुया होत्या. मशीन रक्त ओढून त्यातल्या अँटिबॉडी गाळत होतं. हे म्हणले, "ताईंना कळवतो." मीच त्यांचा हात धरून थांबवलं. तू मांडव सोडून धावत आली असतीस, मला माहीत आहे.

तो निरोप अडवणारी गोळी आता रोज घेते. कालच्या तपासणीत अँटिबॉडी लय उतरल्यात. बाईंनी कागद पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या. "आजार मुळातून जाणार न्हाई, पण दबून राहील. शिकवा खुशाल." बाहेर आल्यावर हे बाकड्यावर बसून पोरासारखे रडले. मी मात्र भजी मागवली, आणि दोन्ही प्लेटी एकटीनं खाल्ल्या.

पुढच्या रविवारी परभणीहून रेल्वेनं तुझ्याकडं चुडाव्याला येते. जावयाला अजून पाहिलं न्हाई. तुला रागवायचं असेल तर पोटभर रागव, फक्त मला जवळ घेऊन रागव.

पुरती बरी नसलेली, पण तुझ्यासाठी उरलेली,
सत्यशीला