तुझ्या वतीनं होकार

वेस्ट विंडसर,
२० मार्च २०२४

प्रिय चारू,

स. न. वि. वि.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लावलेली पत्रांची सवय आता आपण दोघींनीच टिकवली आहे. बातमी अशी, की माझ्या नातीची, अनयाची, फिल्म तिच्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर लागली. संक्रांतीला तू सनीव्हेलहून आली होतीस, तेव्हाचं आमच्याकडचं हळदीकुंकू तिनं शूट केलं होतं, तेच. ती मीडिया प्रॉडक्शन आणि लॉ एकत्र शिकते. इथल्या मराठी मंडळात मी नुसतं लॉ सांगते. सिनेमाचं म्हटलं की लोक हळहळतात.

फिल्मची हिरॉइन तूच. स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालून सुनेच्या माघारी फोडणी देतेस, हे सांगतानाचा तुझा चेहरा बघण्यासारखा आहे. सगळ्या आज्यांची परवानगी आहे ना, असं अनयानं मला विचारलं होतं. तुला काय विचारायचं, म्हणून मीच हो म्हणून टाकलं.

लोभ आहेच, हिरॉइन झालीस म्हणून कमी करू नकोस.

तुझी,
मृणाल

सनीव्हेल,
६ एप्रिल २०२४

प्रिय मृणालिनी,

स. न.

फिल्म रूपालीनं पाहिली. ऑफिसातल्या मैत्रिणीनं, किती क्यूट सासू, म्हणत पाठवली. मला वाटलं होतं, पोर घरच्यांसाठी व्हिडिओ काढते आहे. सगळ्या हसत होत्या, मलाही चेव आला. सून मला पार्सलासारखी कोपऱ्यात ठेवते, असंही बोलून गेले.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः स्टुलावर चढून अलार्मला कॅप घातली आणि, आई, आता द्या फोडणी, म्हणाली. बायकोला बोलले म्हणून राजस माझ्याकडे बघत नाही. माझ्याच मुलाच्या घरात मला खोलीबाहेर यायची लाज वाटते. हो म्हणायच्या आधी एक फोन केला असतास.

इथेच थांबते.

चारुता

वेस्ट विंडसर,
१८ एप्रिल २०२४

प्रिय चारू,

स. न. वि. वि. लिहितानाही हात अडखळतो.

तुझं पत्र मी अनयाला वाचून दाखवलं. वाटलं, ओरडेल. तिनं इंग्लिशमध्ये एवढंच विचारलं, की आजी, तू विचारलं नव्हतंस? मी म्हटलं, अगं, आमच्यात असं विचारलं तर परकेपणा वाटतो. त्यावर ती म्हणाली, की कॅमेऱ्यासमोरच्या माणसाची परवानगी घेणं हा तिच्या दोन्ही अभ्यासांचा पहिला धडा, आणि तोच तिनं माझ्या शब्दावर सोडला, चूक तिची. हे ऐकणं फार जड गेलं. तिनं लगेच फिल्म साइटवरून काढली, प्रोफेसरांना खरं काय ते लिहिलं. सेमिस्टरचं काम गेलं. तिच्या सिनेमाची लाज मी बाळगत होते, चारू, आणि तिला मान खाली घालायला लावली ती मीच.

उन्हाळ्यात ती तिकडे इंटर्नशिपला येते आहे. तुला आणि रूपालीला स्वतः भेटायचं म्हणते. दार उघडशील ना?

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
मृणाल

सनीव्हेल,
१६ जून २०२४

प्रिय मृणाल,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात अनया येऊन गेली. आधी माफी मागितली, मग फिल्म पुन्हा दाखवली तर चालेल का, असं सरळ विचारलं. मी नाही म्हटलं. लग्न ठरलं, अमेरिकेला आले, हे गेल्यावर मुलाकडे आले. कुणी असं थांबून विचारलं नव्हतं, आणि मीही कधी तोंड उघडलं नव्हतं. पोर ओके आजी म्हणाली आणि पोहे पुन्हा मागून खाल्ले. तुझ्यावरचा राग तेव्हाच गेला.

मग तिनं रूपालीलाही विचारलं. रूपाली म्हणाली, मला कशाला विचारतेस, मी तर फिल्ममध्ये नाहीच. ते मला लागलं. फिल्मभर तीच होती, मृणाल. चारचौघींत तिच्याबद्दल बोलताना मी तिला कुठे विचारलं होतं? आणि पार्सलाचं तर खोटंच होतं, हशा मिळावा म्हणून. हे तिला सांगायला रोज स्वयंपाकघरात जाते आणि मीठ कुठे आहे विचारून परत येते.

आज हे पत्र संपलं की जाणार आहे. ती भांडी लावते आहे, आवाज येतो आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
चारू