थंड खोली, काटा आणि खरबुजांचे अकरा क्रेट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा भाजी पिकवणे आणि दर बुधवारी व शनिवारी शेतकरी बाजारात ती विकणे, आज शुक्रवारी दुपारी, जेवण उरकून, चष्मा नाकावर ठेवून, कोणाच्याही धाकाविना किंवा लाडीगोडीविना, माझ्यामागे माझ्या मालमत्तेचं काय करावं ते स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे. वकीलसाहेब समोर बसले आहेत आणि माझ्या मुळ्याच्या ढिगाकडे बघत आहेत. त्यांची फी मुळ्यात ठरलेली नाही, हे इथेच नमूद करते.

हा कागद करण्याचं खरं कारण एकच आहे. माझी थंड खोली आणि बाजारातली जागा मला माझ्या धाकट्या जावेला द्यायची आहे, आणि तिच्याशी मी नऊ वर्षं बोललेली नाही. बाकीची कलमं मी हात मोकळा व्हावा म्हणून आधी लिहिते.

कलम १. याआधी मी बियाण्याच्या पाकिटाच्या मागे एक मृत्युपत्र लिहिलं होतं. ते रद्द. त्यात मी लेकीला रागाच्या भरात फक्त कुदळ ठेवली होती.

कलम २. घर आणि घरामागची जमीन माझ्या एकुलत्या एका लेकीला. तिने शेती करावीच असा माझा हट्ट नाही. ती दवाखान्यात लोकांचे दात काढते, त्यात तिला सुख आहे. जमीन कसायला द्यावी, मात्र विहिरीजवळचा पट्टा पालेभाजीलाच ठेवावा, तिथे दुपारनंतर सावली येते. जावईबापूंनी घरात राहावं, खावं, प्यावं, पण टोमॅटोच्या क्रेटला हात लावू नये. टोमॅटो देठाकडून खाली ठेवायचा, एकाच थरात, हे त्यांना मी सात वेळा सांगितलं. सातही वेळा त्यांनी मान हलवली आणि वर भोपळा ठेवला.

कलम ३. काढणीचे चार चाकू, धार लावायचा दगड, जुड्या बांधायच्या रबरांचा डबा आणि ओल्या गोणपाटांची चळत, हे सगळं पुढे कलम आठमध्ये जिला खोली जाईल तिला. हत्यारं आणि खोली वेगळी झाली की दोन्ही वाया जातात.

कलम ४. काटा नातीला. ती नऊ वर्षांची आहे आणि आत्तापासून वजनाला पक्की आहे. मागच्या सुट्टीत तिने आपल्या बापाच्या हातावर चार गाजरं कमी ठेवली आणि वर म्हणाली, "हल्ली माल महाग झालाय हो." ही माझ्यावर गेली आहे, आणि मला त्याचा भयंकर आनंद आहे.

कलम ५. यांचे गमबूट माझ्या दिरांना. आमचे हे जाऊन बारा वर्षं झाली, बूट अजून चिखलासकट दारात आहेत. दीर फार शांत माणूस. नऊ वर्षं ते सकाळचा चहा स्वतःच्या घरी पितात, संध्याकाळचा माझ्याकडे, आणि इकडचं तिकडे एक अक्षर करत नाहीत. अशा माणसाला बूट तरी चांगले मिळावेत.

कलम ६. बाजाराच्या व्यवस्थापकाला माझी भोकाची छत्री. ऐन उन्हाची जागा माझ्या गळ्यात बांधून "बाई, इथे गर्दी जास्त असते" म्हणणारा तोच. चार वर्षं मी पालकावर ओलं फडकं धरून उभी राहिले. आता त्याने छत्री धरून उभं राहावं.

कलम ७. जी बाई दर शनिवारी शेंगा मोडून बघते आणि शेवटी कांदे घेऊन जाते, तिला मोडलेल्या शेंगांची एक टोपली. माझ्यातर्फे, प्रेमाने.

कलम ८. आता खोली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पालेभाजी पहाटे कापायची, ऊन चढायच्या आत. कापली की थंड पाण्यात बुडवायची, निथळायची, जुड्या बांधायच्या, क्रेटमध्ये उभ्या रचायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि थंड खोलीत ठेवायची. मग पालक पाच दिवस ताजा राहतो. फक्त एक पथ्य आहे. पिकलेलं फळ त्या खोलीत न्यायचं नाही. पिकलेल्या फळातून जी हवा सुटते तिने पान पिवळं पडतं आणि गाजर कडू होतं. हे पथ्य आमच्या घरात आणलं ते धाकट्या जावेनेच. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने खोलीच्या दारावर खडूने लिहिलं, "पान आत, फळ बाहेर." आम्ही दोघींनी बावीस वर्षं ते पाळलं. कापणं आणि धुणं माझं, बांधणं आणि रचणं तिचं. तिच्या हातची जुडी मी आजवर दुसरीकडे पाहिलेली नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका शनिवारी बाजाराकडचा पूल बंद झाला आणि बाजार भरलाच नाही. चाळीस क्रेट पालेभाजी आणि गाजर खोलीत भरलेलं होतं. आम्ही म्हटलं, हरकत नाही, बुधवारी नेऊ. बुधवारी बाजारात पहिलं गोणपाट उचललं. पालक पिवळाधमक. सॅलडच्या पानांवर तपकिरी ठिपके. गाजर चावून बघितलं तर कडूजहर. उरलेला माल आणायला दीर घरी गेले, आणि सांगत आले की खोलीत मागच्या भिंतीशी खरबुजांचे अकरा क्रेट आहेत.

खोलीच्या किल्ल्या दोघींकडेच होत्या. मी तिला भर बाजारात, गिऱ्हाइकांच्या देखत म्हटलं, "बावीस वर्षं रचतेस, पण डोक्यात काही रचलं नाही!" ती म्हणाली, "जाऊबाई, मी नाही ठेवली." मी म्हटलं, "मग काय चालत गेली?" लोक हसले. तिने अ‍ॅप्रन सोडला, नीट घडी घातली, खिशातल्या किल्लीसकट काट्यावर ठेवला आणि निघून गेली. काट्याने दोनशे दहा ग्रॅम दाखवले. मला तो आकडा अजून पाठ आहे.

पुढच्या महिन्यात तिने माझ्यासमोरच स्वतःचं दुकान मांडलं. तेव्हापासून आमचं बोलणं गिऱ्हाइकांमार्फत. मी म्हणायची, "त्या समोरच्या बाईंना सांगा, कोथिंबिरीला ऊन लागतंय." ती म्हणायची, "त्या समोरच्या बाईंना सांगा, स्वतःच्या बिटाची माती झाडा." तिच्याकडे थंड खोली नाही. पहाटे कापते आणि धावत बाजार गाठते. दुपारी तिची पानं माना टाकतात, आणि मी ते बघत बसते.

आता खरी गोष्ट. खरबुजं मी ठेवली होती.

ज्या शनिवारी पूल बंद झाला, त्याच दुपारी शेडमध्ये खरबुजं उन्हाने मऊ पडायला लागली. जीव कळवळला. म्हटलं, तासाभरासाठी आत ठेवू, संध्याकाळी काढू. अकरा क्रेट एकटीने ओढले. तेवढ्यात जावयांचा फोन आला की लेकीला कळा सुरू झाल्या. मी जी धावले ती तीन दिवस दवाखान्यात. नात झाली आणि मी जगच विसरले, तिथे खरबुजं कुठली लक्षात राहणार? नातीच्या तिसऱ्या वाढदिवसाला लेकीने फोटो काढून दाखवले. तान्हं बाळ माझ्या हातात, आणि माझ्या बाहीवर खरबुजाच्या बिया चिकटलेल्या. लेक हसत म्हणाली, "आई, आल्या आल्या तू म्हणालीस, खरबुजं आत लावून तशीच आले, हातही धुतले नाहीत." ती हसत होती आणि मी फोटोतल्या बिया मोजत होते.

त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं मला माहीत आहे आणि मी गप्प आहे. कारण दुसरं काही नाही, माझा ताठा. भर बाजारात बोलले ते कुठल्या तोंडाने परत घेऊ?

म्हणून थंड खोली, तिचं यंत्र, दोन्ही किल्ल्या आणि बाजारातली माझी जागा मी धाकट्या जावेला देत आहे. तिने मला माफ करावं.

इथवर लिहून मी वकीलसाहेबांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हे तुम्ही गेल्यावर उघडतील," ते म्हणाले. "जाऊबाई ऐकतील, पण तुम्ही नसाल."

"अहो, म्हणूनच तर लिहितेय!"

ते एक मुळा उचलून पुसत बसले. मला त्यांचा भारी राग आला, कारण त्यांचं बरोबर होतं. पेन खाली ठेवलं, कागद उचलला आणि निघाले.

पुढचा मजकूर त्याच दिवशी, दोन तासांनंतर.

धाकटी जाऊ तिच्या शेडमध्ये पालक निथळत होती. मला दारात बघून तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. मी नमस्कार-चमत्कार न करता कलम आठ उभ्याने वाचलं. बियांसकट. ती पुढची जुडी बांधायला लागली. मग म्हणाली, "अकरा क्रेट एकटीने? त्या कंबरेने?"

"हो."

"वेडी बाई." आणि ती रडायला लागली, आणि मीही. मग एकदम तिचा पारा चढला. रबरांचा डबा आपटून म्हणाली, "पहिली तीन वर्षं माफ. तेव्हा तुम्हालाच ठाऊक नव्हतं. पण पुढची सहा? सहा वर्षं माझा माल उन्हात मरताना बघत बसलात!"

"त्या सहांसाठी खोली देतेय ना."

"मेल्यावर? म्हणजे मी आता तुमच्या मरणाची वाट बघत बसू? उद्या शनिवार आहे जाऊबाई. माझा तीस क्रेट पालक इथे पडलाय. किल्ली आत्ता द्या."

दिली. बटव्यातून काढून हातावर ठेवली. दिरांनी न सांगता गाडी काढली आणि तिन्ही खेपांत शीळ वाजवत होते. आत्ता हे लिहिताना तिचा पालक माझ्या खोलीत आहे. तिने माझे क्रेट हलवून पुन्हा स्वतःच्या पद्धतीने रचले आणि माझ्या जुड्यांना नावं ठेवली. मी ऐकून घेतलं.

सबब, कलम ३ आणि कलम ८ खोडत आहे. त्यांतल्या सर्व वस्तू मी जिवंतपणी देऊन टाकल्या आहेत. माझ्यामागे त्या वाटायला उरलेल्या नाहीत. उरलेली कलमं कायम. व्यवस्थापकाने छत्रीतून सुटू नये.

वकीलसाहेब म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीला बसू नये. बाजारातल्या शेजारच्या दुकानाचा पाववाला एक साक्षीदार म्हणून आला आहे. दुसरा कोण, असं त्यांनी विचारलं. मी खोडलेल्या कलमांवर बोट ठेवलं आणि खोलीकडे बघून हाक मारली.

ठिकाण: भाजी बांधायचं टेबल, माझी शेड.
दिनांक: आजचा शुक्रवार, सूर्य मावळायच्या आत.
मृत्युपत्र करणारीची सही: केली. खोडलेल्या दोन्ही ठिकाणीही केली.

साक्षीदार पहिला: पाववाला. नाते: बाजारातला शेजारी. ओळख किती वर्षांची: चौदा.

साक्षीदार दुसरी, तिच्या स्वतःच्या अक्षरात: धाकटी जाऊ. नाते: वरीलप्रमाणे. ओळख किती वर्षांची: एकतीस. मधली नऊ धरून.