वाकोल्याच्या विहीणबाई आणि मुलुंडचा हेरोद राजा

ती. रत्नप्रभाताईस,

मुलुंडहून नलूचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितकाच वाकून, राहिलेला मनातून समजून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींनी विडी सोडली, की फक्त तुझ्यासमोर ओढायची सोडली? इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं तर खुशाल फक्त आमचे हे आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांची वाट लागली आहे.

आपल्या सुशांतने मे महिन्यात लव्हिनाशी नोंदणी लग्न केलं ते तुला ठाऊकच आहे. पोरगी गुणाची आहे (कालवण माझ्यापेक्षा बरं करते, हे तुलाच सांगते, तिला नाही). पण तिची आई, म्हणजे आमच्या वाकोल्याच्या विहीणबाई फिलोमिना, लग्नाला फिरकल्या नाहीत आणि तेव्हापासून लेकीशी अवाक्षर बोलल्या नाहीत. नाताळ जवळ यायला लागला तशी लव्हिना भरल्या ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची. मला ते बघवेना गं. शेवटी तीच म्हणाली, की माहेरी दर नाताळला घरचेच लोक मिळून येशूजन्माचं संगीत नाटक करतात. आपणही केलं आणि मम्मीला बोलावलं, तर माझ्यासाठी नाही तरी गाण्यांसाठी ती येईल. मी लगेच सोसायटीचा हॉल घेतला. (सेक्रेटरी म्हणाले, नाताळ करा, पण फलकावर ‘कौटुंबिक स्नेहसंमेलन’ लिहा. लिहिलं.)

लव्हिनाची युक्ती अशी, की पात्रं लवचिक ठेवायची. माणसं कमी पडली तर एकाने दोन कामं करायची, जास्त झाली तर मेंढपाळ वाढवायचे. बिचारीला आपलं खानदान ठाऊक नव्हतं. आपल्याकडे लवचिक असते ती फक्त यायची वेळ. कामं वाटायला बसलो आणि मानपान सुरू झाला, गावच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, तस्साच. गोष्टीतले शहाणे राजे तीन आणि माझे चुलत दीर चार. एकाला गाळावं तर तो गणपतीला यायचा नाही, म्हणून राजे चार केले. ह्यांचे सख्खे भाऊ नंदकिशोर भावोजी म्हणाले, मेंढ्या राखायला मी बँकेत आयुष्य घालवलं नाही. त्यांना मेंढपाळांचं अध्यक्षपद दिलं, मग पागोटं बांधून हजर. ह्यांनी हेरोद मागून घेतला. हेरोद म्हणजे बाळाच्या जिवावर उठलेला दुष्ट राजा, त्यांचा कंसच म्हण. माझे सासरे दशावतारात राक्षस व्हायचे (घरीही अधूनमधून), तेव्हा ते रक्तातच. लव्हिना पेटी वाजवून शिवाय बाळाची आई मरियम होणार होती. मी काहीच मागितलं नाही, म्हणून मला स्टुलावर उभा राहणारा देवदूत मिळाला.

मग आम्ही अक्कल पाजळली. विहीणबाई ख्रिस्ती, तेव्हा सगळं इंग्रजीत बोलायचं ठरलं. लव्हिना जीव तोडून सांगत होती, की आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच मूळचे ख्रिस्ती, तुमचे आजोबा गिरणीत लागायच्या आधीपासून वाकोल्यात आहोत, मम्मी घरी मराठीच बोलते. भावोजींनी तिची समजूत घातली, की ते घरचं झालं, समारंभाला इंग्रजीच शोभतं. महिनाभर घरात कोणी सरळ बोललं नाही, ताई. हे चहासुद्धा इंग्रजीत मागायचे आणि मला ऐकू येत नसे.

विहीणबाई आल्या. लाल लुगडं, अंबाड्यात फूल, तोंड गच्च मिटलेलं. लेकीकडे बघितलंही नाही. पहिल्या राजाचं पाठांतर पडद्यामागेच राहिलं. दुसऱ्याने आपलं आणि तिसऱ्याचं बोलून टाकलं, त्यावरून तिसरा तिथेच रुसला. भावोजींना ऐनवेळी बँकेच्या वार्षिक सभेचं आभारप्रदर्शन तेवढं आठवलं आणि ते त्यांनी पूर्ण केलं. मला ‘भिऊ नका’ एवढंच इंग्रजीत म्हणायचं होतं, पण स्टूल डुगडुगत होतं आणि मीच थरथरत होते. विहीणबाई पर्स उचलून उठल्या आणि दाराकडे निघाल्या. लव्हिनाचा हात पेटीवर तसाच राहिला. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात हेरोद शिरला. दशावतारात कोणी वाक्यं लिहून देत नाही, गोष्ट ठाऊक असली की माणूस तिथल्या तिथे बोलतो. ह्यांनी इंग्रजीवर पाणी सोडलं आणि तलवार उपसून गरजले, “खंय चाललात विहीणबाई? ह्या दरबारातसून हुकमाशिवाय कोणी उठूचा नाय!”

विहीणबाई वळल्या. कमरेवर हात. “मंग आधी सांगाचा ना, मराठी येतं तुमाना! मघापासून मना कायच कल्ला नाय!” असं म्हणून त्या थेट रंगमंचावर चढल्या, लव्हिनाच्या पुढे उभ्या राहिल्या आणि राजाला म्हणाल्या, “माझे पोरीला हात लावून दाखव!” मग काय, ह्यांना जन्मभर हवं होतं तसं युद्ध मिळालं. तलवार पुठ्ठ्याची आणि पर्स खरी. हे पडले, उठले, पुन्हा मरून दाखवलं. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता आणि मागे त्या मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी स्टुलावरून पाहिलं, ताई, आणि मीही रडले.

दाजींना नमस्कार.

तुझी,
नलू

ता. क. आता खरं कारण. विहीणबाई ‘दोन दीस ऱ्हाते’ म्हणाल्या, त्या अजून आहेत. जानेवारी अर्धा सरला. माझ्या डब्यांच्या जागा बदलल्या, आपल्या मालवणी मसाल्यात दम नाही म्हणाल्या, आणि संध्याकाळी ह्यांच्याशी युद्धाचा सराव. मीच माझ्या घरात पाहुणी झाले आहे. तरी पत्र मिळताच आजारी पड आणि ‘नलूला धाडा’ म्हणून फोन कर. आवाज बारीक काढ.

ता. क. दुसरा. घोटाळा झाला. तुझ्या आजारपणाचं मी घाईत आधीच सांगून बसले आणि विहीणबाईंनी पिशवी भरली. नलूबाय एकटी कशी जाणार, म्हणतात. लव्हिना, सुशांत, हे, चारही राजे, सगळेच शनिवारी पोचतोय. तेव्हा निदान सोमवारपर्यंत अंथरुणातून उठू नकोस. माझं खोटं कळलं आणि त्या रागावून वाकोल्याला निघून गेल्या, तर मला घरात करमायचं नाही. हे शेवटचं दाजींना वाचून दाखवू नकोस.